पिक्चर कसा आहे?

पाहून आलेल्या चित्रपटाबद्दल ओळखीच्या माणसाला दोन वाक्यांत मत सांगणे हा महाराष्ट्रातला जुना आणि अजून न थकलेला व्यवहार आहे. त्यासाठी कोणी मानधन देत नाही आणि मत देणाऱ्याला चित्रपटकला कळलीच पाहिजे अशी अटही नसते. लोकलच्या डब्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, भिशीत, चहाच्या टपरीवर किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पिक्चर कसा आहे?' असा प्रश्न येतो आणि उत्तर देणारा बोलून मोकळा होतो. 'पैसा वसूल.' 'डोक्याला ताप.' 'गाणी बरी आहेत, बाकी काही नाही.' 'एकदा बघायला हरकत नाही.' एवढ्यावर ऐकणारा शनिवारच्या संध्याकाळचा बेत ठरवतो. मराठी चित्रपटाच्या बाबतीत या सहज मताचे वजन हिंदीपेक्षा कितीतरी अधिक आहे. मराठी निर्मात्याजवळ जाहिरातीला पैसा थोडा असतो, आणि पहिल्याच दिवशी केवळ नावावर गर्दी खेचतील असे नट त्याहून थोडे. त्याचा चित्रपट एकाने दुसऱ्याला सांगितले तरच तगतो. सांगोवांगी पसरायला दिवस लागतात, आणि ते दिवस चित्रपटगृहाने द्यावे लागतात. मराठी चित्रपटाच्या यशापयशाची पुष्कळशी कहाणी या दोन गोष्टींच्या ओढाताणीत आहे.

हा व्यवहार भारतीय चित्रपटाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला. त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात शहरातल्या प्रतिष्ठितांसाठी त्याचा खास खेळ झाला होता. तिकीटविक्री सुरू होण्याआधी चार वजनदार माणसांच्या तोंडी चित्रपटाचे नाव असावे, हे पहिल्या भारतीय चित्रपटकर्त्याला पुरते उमगले होते. सुरतेला मात्र त्या चित्रपटाकडे लोक फिरकेनात, तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार चित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत अशा अर्थाची जाहिरात केली आणि गर्दी झाली, असे सांगितले जाते. जाहिरातीने माणूस एकदा येतो. तो घरी जाऊन काय सांगतो त्यावर पुढचा खेळ ठरतो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम यांची कीर्ती त्या वर्षभरात प्रेक्षकांनीच गावोगाव नेली. व्हेनिसच्या महोत्सवातला गौरव १९३७चा.

खेड्यापाड्यांत ही साखळी तंबूत दिसे. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या मोठ्या जत्रांत टूरिंग टॉकीजचे तंबू शेजारी शेजारी उभे राहत. ट्रकच्या मागच्या भागात प्रोजेक्टर, समोर कापडी पडदा, खाली जमिनीवर बसलेली माणसे आणि भोंग्यावरून सतत चाललेला पुकारा. पुकारा सगळ्याच तंबूंचा सारखाच जोरदार असे. त्यामुळे जत्रेकरू पुकाऱ्यापेक्षा आधीचा खेळ पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत. कुठल्या तंबूतून माणसे हसत निघाली, कुठल्या तंबूतून बायका पदराने डोळे पुसत आल्या, कुठून पोरे हाणामारीची नक्कल करत धावली, यावर पुढच्या खेळाची गर्दी वळे. मत इथे बोलण्याआधीच चेहऱ्यावर वाचता येई आणि तंबूचालकाला त्याचा हिशेब त्याच रात्री मिळे.

मुंबईत हेच काम गिरणगावाने केले. लालबागचे भारतमाता हे मराठी चित्रपटांचे हक्काचे ठिकाण होते. गिरणीची पाळी सुटल्यावर पाहिलेला चित्रपट खानावळीत, चाळीच्या गॅलरीत आणि दुसऱ्या दिवशी साच्यावर बोलला जाई. तोच कामगार गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात, जत्रेला घाटावर गेला की चित्रपटाची गोष्ट त्याच्याबरोबर गावी जाई. चित्रपटाची पेटी तालुक्याला पोहोचेपर्यंत गावाला नटाचे नाव, विनोद आणि एखादे गाणे माहीत झालेले असे. गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या दादा कोंडक्यांचा प्रेक्षक हाच होता. त्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला तेव्हा दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी त्याला जागा नाकारली गेली. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसेना मध्ये पडल्यावर 'सोंगाड्या' तिथे लागला. या घटनेचा राजकीय अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. चित्रपटाच्या दृष्टीने तिचा अर्थ साधा आहे: लोक एकमेकांना सांगायला तयार होते, पण सांगितल्यावर जायला चित्रपटगृह हवे होते.

भारतीय प्रेक्षकाच्या सहज मताला एक खास सोय लाभली आहे, ती म्हणजे मध्यंतर. हॉलिवूडचे बहुतेक चित्रपट सलग पाहण्यासाठी बनतात आणि आपल्याकडे ते वाटेल तिथे तोडले जातात. आपला पटकथालेखक मात्र मध्यंतराचा धक्का आधी ठरवतो. दिवे लागतात आणि मत देण्याची पहिली फेरी सुरू होते. वडा-सामोशाच्या रांगेत अनोळखी माणसेही एकमेकांशी बोलतात. 'फर्स्ट हाफ फास्ट आहे,' 'अजून काही घडतच नाही,' 'आता खरी मजा येईल.' हे अर्धे मत मोलाचे असते, कारण ते शेवटाच्या प्रभावाखाली आलेले नसते. त्याच मिनिटांत कोणी तरी बहिणीला फोन करून उद्याची तिकिटे काढायला सांगतो. न पटलेला प्रेक्षक बाहेर पडतो तोही इथेच, आणि रिकाम्या खुर्च्या शेजारच्याला त्याचे मत सांगतात. चित्रपटगृहाचा मालक मध्यंतरात लॉबीत उभा राहतो, त्याला पोस्टरपेक्षा जास्त या दहा-पंधरा मिनिटांतून कळते.

'शोले'च्या बाबतीत सांगितली जाणारी हकिगत याच जातीची आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला पहिल्या आठवड्यात व्यापारी वर्तुळाने जवळजवळ मोडीत काढले होते. दिग्दर्शक रमेश सिप्पी शेवट बदलण्याच्या विचारापर्यंत गेले होते. तेव्हा मुंबईतल्या एका चित्रपटगृहाच्या मालकाने त्यांना काळजी करू नका म्हणून सांगितले. त्याचे कारण होते थंड पेये आणि आइस्क्रीम यांचा घटलेला खप. लोक मध्यंतरातही जागचे उठत नव्हते. त्यांनी पाहिले होते ते पचायला त्यांना वेळ लागत होता, आणि तोंड उघडायलाही. पुढच्या आठवड्यांत ती तोंडे उघडली. 'शोले' मिनर्व्हात पाच वर्षे चालला आणि त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, कारण लोक आता मत न सांगता थेट संवादच म्हणून दाखवू लागले होते. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला. त्यात मोठे तारे नव्हते आणि सुरुवातीची गर्दीही नव्हती. बायकांनी बायकांना सांगितले, शुक्रवारचे उपास धरणाऱ्या घरांत तो पोहोचला, आणि चित्रपटगृहाच्या दारात चपला काढून लोक आत जाऊ लागले. त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांत त्याची गणना होते. ज्या प्रेक्षकाकडे चित्रपटव्यवसायाचे लक्षच नव्हते, त्याने आपापसात बोलून एक चित्रपट वर काढला.

एका माणसाचे मत दुसऱ्याला का पटते, याचा अभ्यास अमेरिकेत १९४०च्या दशकात झाला. पॉल लाझार्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ यांचे 'पर्सनल इन्फ्लुअन्स' हे पुस्तक १९५५ साली आले. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या शहरातल्या सुमारे ८०० स्त्रियांना त्यासाठी प्रश्न विचारले होते: घरखरेदी, फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि चित्रपट या चार बाबतींत त्या कोणाचे ऐकतात? वृत्तपत्र किंवा रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचा प्रभाव मोठा ठरला. शिवाय प्रत्येक विषयातली 'जाणती' बाई वेगळी निघाली. घरखरेदीत मोठ्या कुटुंबाच्या गृहिणीचे ऐकले जाई, तर चित्रपटाच्या बाबतीत तरुण, अविवाहित मुलींचे. मराठी घरात हे सहज ओळखता येते. कोणत्या डॉक्टरकडे जायचे हे आत्याला विचारतात, कोणता पिक्चर पाहायचा हे कॉलेजातल्या पुतणीला. 'सैराट' आणि 'दुनियादारी' अशा पुतण्यांनी आणि भाच्यांनी घरात आणले. 'बाईपण भारी देवा'च्या वेळी मात्र दिशा उलटी झाली, त्याबद्दल पुढे.

चित्रपट संपल्यावर लगेच दिलेल्या मताला शेवटाचा रंग लागतो, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल कानमन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सुखद आणि त्रासदायक अशा छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या. चित्रफीत किती वेळ चालली याचा नंतरच्या मतावर फारसा परिणाम झाला नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि अखेरचा क्षण यांवर ते बेतलेले होते. 'मधे जरा खेचलाय, पण शेवट जबरदस्त' हे वाक्य चित्रपटाची शिफारस म्हणून का चालते आणि 'सगळं छान होतं, शेवट फसला' हे त्याच्या मुळावर का येते, ते यावरून कळते.

चांगले सहज मत देणाऱ्याला आणखी एक गोष्ट साधते. आपल्याला आवडले की नाही यापेक्षा समोरच्याला आवडेल की नाही, हे तो सांगतो. 'आईला घेऊन जाऊ का?' 'मुलांना दाखवण्यासारखा आहे ना?' 'मला रडके पिक्चर झेपत नाहीत, जाऊ का?' असे प्रश्न वर्तमानपत्रातल्या समीक्षकाला विचारता येत नाहीत. सेन्सॉर बोर्डाने २०२४च्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्या केल्या. ती वर्गवारी उपयोगाची आहेच, पण आपला आठ वर्षांचा मुलगा अंधाराला घाबरतो हे बोर्डाला ठाऊक नसते, मावशीला असते. सहज मताची खरी ताकद ऐकणाऱ्याच्या या ओळखीत आहे. तीच ओळख नसलेल्या हजारो लोकांसमोर तेच वाक्य फेकले की त्याचा अर्थ पातळ होतो.

मराठीतल्या मोठ्या यशांची उदाहरणे पाहिली तर प्रत्येक वेळी बोलणारा गट वेगळा दिसतो. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांनी केलेली सोशिक सून पाहायला बायका टेम्पो भरून तालुक्याला जात. शिफारस एवढीच असे की फार रडू येते, आणि त्या शिफारशीवर चित्रपटगृहे भरत. शहरी समीक्षेने या रडण्याकडे तुच्छतेने पाहिले, ते चुकीचे होते. सासरी बोलता न येणारी गोष्ट अंधारात, शेजारणींच्या सोबतीने पाहायला मिळते, हे त्या एकमेकींना सांगत होत्या.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. अजय-अतुल यांची गाणी आधीच वाजत होती, त्यामुळे पहिली गर्दी गाण्यांची होती. ती आत जाऊन नाचली, आणि जवळजवळ तीन तासांनी नि:शब्द होऊन बाहेर आली. त्यानंतर लोक तो पाहायला दुसऱ्याला घेऊन गेले. काही गावांत मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. विशेष म्हणजे पाहून आलेल्यांपैकी पुष्कळांनी शेवट सांगितला नाही. 'तू जाऊन बघ, मग बोलू' एवढेच म्हटले. सांगितले असते तर अनेकांनी तो टाळला असता, आणि जातीच्या प्रश्नावर घराघरांत झालेले बोलणे झाले नसते. शेवट आधी कळल्याने आनंद कमी होतोच असे नाही, असे २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना लघुकथांवरच्या प्रयोगात आढळले होते. पण 'सैराट'ची मांडणीच प्रेक्षकाच्या अजाणपणावर उभी आहे. तिथे गप्प राहणे हाच मताचा उत्तम भाग होता, आणि हजारो लोकांनी कोणी न शिकवता तो पाळला.

करोनानंतर २२ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रात निम्म्या आसनक्षमतेने चित्रपटगृहे उघडली. लोक परत येतील का, हीच शंका होती. १९ नोव्हेंबरला हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' लागला, इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या वेगवेगळ्या वयांच्या बायकांची गोष्ट. मैत्रिणींनी गट करून तो पाहिला आणि तो आठवडे टिकला. ३० जून २०२३ रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ने हीच वाट रुंद केली. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणी रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब यांनी केल्या. एरवी दुसऱ्या शनिवार-रविवारी गर्दी घटते, इथे ती पहिल्यापेक्षा वाढली. कमाई पंचाहत्तर कोटींच्या पुढे गेली. पन्नाशी-साठीच्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, सोसायटीतल्या वीस-वीस जणींसह येत होत्या. तिकिटे मुलगी काढून देई, पण जायचे हे आईने ठरवलेले असे. डिकेटरच्या अभ्यासातली तरुण 'जाणती' इथे पन्नाशीची झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकर यांची प्रमुख भूमिका असलेला 'दशावतार' आला, तेव्हा गणपतीहून नुकतेच परतलेल्या चाकरमान्यांनी तो आपला म्हणून उचलला आणि गिरणगावच्या काळातली मुंबई-कोकण साखळी वेगळ्या रूपात पुन्हा चालू झाली.

ही यशे लक्षात राहतात. ज्या चित्रपटांबद्दल चांगले बोलले गेले पण तोवर ते उतरले होते, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. मल्टिप्लेक्सचे वेळापत्रक आठवड्याचे असते. शुक्रवार ते रविवारच्या आकड्यांवर सोमवारी हिशेब होतो आणि पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरतात. मराठी चित्रपटाला पुष्कळदा सकाळी अकराचा किंवा दुपारी तीनचा खेळ मिळतो, जेव्हा नोकरदार माणूस जाऊच शकत नाही. शनिवारी पाहिलेल्याने रविवारी जेवताना सांगावे, ऐकणाऱ्याने मंगळवारी तिकीट शोधावे, तर शहरात एकच खेळ उरलेला असतो, तोही तासाभराच्या अंतरावर. राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक केले आणि नंतर त्याची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ठेवली. इतक्या रुंद व्याख्येत दुपारी साडेबाराचा खेळही बसतो. खेळाची वेळ आणि किमान दोन आठवड्यांची हमी या दोन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय प्रेक्षकांच्या बोलण्याचा मराठी चित्रपटाला पुरता उपयोग होणार नाही.

सहज मताची एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. संथ, कमी बोलणाऱ्या चित्रपटाला ते न्याय देत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला कॅमेरा न्यायालयाच्या खोलीत न हलता बराच वेळ थांबतो. प्रकरण पुकारले जाते, पुढची तारीख पडते, आणि प्रेक्षकाला त्या कामकाजाचा कंटाळा अंगावर घ्यावा लागतो, कारण आरोपी नारायण कांबळेचे आयुष्य त्याच कंटाळ्यात संपत असते. दोन शब्दांत याचे उत्तर 'स्लो आहे' असे येते. ते खोटे नाही, पण ऐकणारा तिथेच थांबतो. अशा चित्रपटासाठी पाहिल्यानंतर बसून बोलण्याची जागा लागते. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि पुण्यात आशय फिल्म क्लबने अशा जागा दिल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आणि १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात रसास्वादाचे वर्ग चालत आले. तिथे बँकेतला कारकून आणि शाळेतली शिक्षिका 'स्लो आहे' या वाक्यानंतर 'का?' असा प्रश्न विचारायला शिकली. जिल्ह्याच्या गावी अशा मंडळांची आज फार मोठी गरज आहे.

प्रेक्षकांचे पहिले मत मोजण्याचे प्रयत्नही जुने आहेत. अमेरिकेत एड मिंट्झ यांना १९७८ साली एका गाजावाजा झालेल्या चित्रपटाने निराश केले आणि त्यांनी सिनेमास्कोर ही कंपनी काढली. पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्यांच्या हाती कार्ड देऊन ते ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी मागत. आता कार्डाची जागा दारात धरलेल्या माइकने घेतली आहे. 'कसा वाटला पिक्चर?' असे विचारले की माणूस कॅमेऱ्याकडे बघून ओरडतो, आणि ओरडणाऱ्याला आधीच बोलावून ठेवलेले असू शकते. उलट बाजूने, न पाहताच एखाद्या चित्रपटावर ठरवून वाईट मतांचा मारा करण्याचे प्रकारही होतात. केरळ उच्च न्यायालयापुढे २०२३ साली असा वाद गेला. न्यायमित्राच्या अहवालात पहिले ४८ तास समीक्षा टाळावी, अशी सूचना २०२४ मध्ये आली. हा उपाय चुकीचा आहे. पैसे देऊन आलेल्या माणसाला दोन दिवस गप्प बसवणे म्हणजे छोट्या चित्रपटाचे पहिले दोन दिवस घालवणे. विकत घेतलेले मत ओळखायची सोय प्रेक्षकाकडे आधीपासून आहे: तो सांगणाऱ्याला ओळखतो की नाही.

घरबसल्या ओटीटीवर चित्रपट पाहण्याने या व्यवहाराची चाल बदलली आहे. तिथे शुक्रवारची घाई नसते, चित्रपट महिनोन्महिने उपलब्ध असतो, त्यामुळे उशिरा आलेले मतही वाया जात नाही. ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ साली असाच घराघरांत पोहोचला आणि शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांमध्ये त्यावर कितीतरी दिवस वाद चालला. मात्र एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या पडद्यांवर पाहतात. एकाने पाहिलेला असतो, दुसरा निम्म्यावर असतो, तिसरा 'मला काही सांगू नका' म्हणतो. मध्यंतर नाही, लॉबी नाही, परतीच्या रिक्षातली चर्चा नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून महिन्यातून एक मराठी चित्रपट दाखवण्याची आणि नंतर चहा घेत बोलत बसण्याची पद्धत काही शहरांत रुजते आहे. तिथे बोलणारे बहुतेक निवृत्त असतात. त्यांच्यापैकी ज्यांनी 'पिंजरा' किंवा 'सामना' पहिल्या आठवड्यात पाहिलेला असतो, त्यांच्याकडे नव्या चित्रपटाला लावायला एक जुने माप असते, आणि ते हातचे न राखता सांगतात.